जाड रंगातले शेत, उभे तास आणि आप्पांची हरकत

सातपुड्याचा पायथा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात जळगावातील एका प्रदर्शनातून मी एका तरुण चित्रकर्तीचे निसर्गचित्र विकत घेतले. तीन फूट बाय चार फूट आकाराच्या कॅनव्हासवर तैलरंगात केलेले हे चित्र चोपड्याच्या उत्तरेकडील, म्हणजे आमच्याच बाजूच्या, शिवाराचे आहे. पऱ्हाटी उपटून नांगरून टाकलेले रान, मागे सातपुड्याची निळसर-राखाडी पट्टी आणि वर मे महिन्यात असते तसे पांढुरके, धुळीने भरलेले आभाळ, एवढेच त्यात आहे. झाड नाही, माणूस नाही, बैल नाही. कॅनव्हासचा दोन तृतीयांश भाग नुसत्या मातीने व्यापला आहे आणि ती माती इतक्या जाड रंगात घातली आहे की काही ठिकाणी रंगाची उंची करंगळीच्या नखाएवढी भरते.

लांबून पाहिले की ही काळी जमीन वाटते, पण जवळ गेल्यावर त्यात निव्वळ काळा रंग जवळजवळ सापडत नाही. विटकरी आहे, वांगी आहे, शेणाच्या गोवरीसारखा करडा-तपकिरी आहे आणि ढेकळांच्या सावलीत चक्क निळा आहे. उजव्या कोपऱ्यातले एक ढेकूळ मी कितीतरी वेळा पाहिले असेल. पॅलेट नाइफवर तपकिरी रंग घेऊन तो एकाच दाबात ठेवला आहे आणि सुरी उचलताना रंगाची जी कड वर ओढली गेली, ती तशीच उभी ठेवली आहे. ताज्या नांगरटीत फुटलेल्या ढेकळाची धार नेमकी अशीच दिसते. त्याच्या खाली बोटभर कॅनव्हास कोराच सोडला आहे आणि तिथे ऊन पडल्याचा भास होतो.

आता घरचा प्रसंग सांगतो. आमचे आप्पा आता शेतात जात नाहीत, पण पन्नास वर्षे त्यांनी कोरडवाहू कपाशी केली आहे. चित्र भिंतीला टेकवून ठेवल्यावर त्यांनी आधी दुरूनच विचारले, ‘‘हाई काय शे?’’ आपले शेत आहे, असे मी म्हणालो. ते उठले, चश्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ गेले, हात न लावता बोट हवेतच रंगाच्या रेघांवरून खालपासून वरपर्यंत फिरवले आणि म्हणाले की तास उभे घातले आहेत. डोंगराकडून उतार खाली येतो आहे आणि नांगरट उताराला उभी आहे. पहिल्याच पावसात ही माती ओढ्यात जाईल, असे शेत शहाणा माणूस नांगरत नाही.

मी अवाक झालो, कारण चित्रात नांगराचे तास आहेत हे माझ्या लक्षातही आले नव्हते. मला फक्त कुंचल्याचे फटकारे दिसत होते. मग मला पडलेला प्रश्न असा, की अशा भावाभिव्यक्तीच्या चित्रात फटकाऱ्याच्या दिशेवरून चित्रकाराची चूक काढणे रास्त आहे का, की ती नुसती कुंचल्याची लय मानून सोडून द्यावी?

दुसरी अडचण व्यवहाराची आहे आणि ती माझ्या मूर्खपणाची आहे. चित्र दोनच महिन्यांपूर्वीचे होते, जवळ गेले की तेलाचा वासही येत होता, तरी मी ते बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळून दुपारच्या उन्हात गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले आणि वाटेत दोन कामे उरकली. घरी येऊन उघडले तेव्हा आभाळाच्या जाड भागावर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटले होते. आप्पा त्यांना गारा म्हणतात. यावर काही उपाय आहे काय?

रंगपेटी

धागा आवडला. मी निवृत्त कलाशिक्षक आहे, त्यामुळे उत्तर थोडे वर्गातल्यासारखे झाले तर सांभाळून घ्यावे.

आधी आपल्या आप्पांविषयी. त्यांनी जे केले तेच या प्रकारची चित्रे पाहण्याचे मुख्य सूत्र आहे, असे माझे मत आहे. जाड रंग लावण्याच्या या पद्धतीला ‘इम्पॅस्टो’ म्हणतात आणि या इटालियन शब्दाचे नाते मळलेल्या पिठाशी आहे. पातळ रंगात चित्रकार एका फटकाऱ्यावर दुसरा फिरवून हाताची दिशा पुसून टाकू शकतो. जाड रंगात तसे होत नाही. कुंचल्याच्या केसांनी पाडलेले चर वाळून तसेच कडक होतात आणि हात कुठून कुठे गेला, कुठे थांबला, कुठे दाब कमी झाला, हे सगळे उघडे राहते. त्यामुळे जाड रंगात दिशा हे विधानच असते. व्हॅन गॉगच्या अखेरच्या काळातील गव्हाच्या शेतांत पिकाचे फटकारे एका दिशेने, वाटेचे दुसऱ्या आणि आभाळाचे तिसऱ्या दिशेने जातात. ती दिशा काढून घेतली तर चित्रात पिवळा आणि निळा एवढेच उरेल. तेव्हा दिशेवरून हरकत घेणे शंभर टक्के रास्त आहे. चूक आहे की नाही, हे मात्र त्या चित्रकर्तीला विचारूनच कळेल.

आता वासाविषयी. तो जवसाचा वास आहे. आपण ज्याची चटणी करतो त्याच जवसाच्या तेलात तैलरंगांची पूड घोटलेली असते, आणि पांढऱ्या रंगासाठी बऱ्याचदा करडईचे तेल घेतात, कारण ते कमी पिवळे पडते. शेंगदाण्याचे तेल कितीही दिवस ठेवले तरी चिकटच राहील. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होत जाते. पाणी उडून जावे तसे ते ‘वाळत’ नाही, त्याचे रूपांतर होते. हवा वरून लागते म्हणून आधी वर साय धरते आणि आतला रंग कित्येक महिने, फारच जाड असेल तर काही वर्षेसुद्धा, मऊ राहतो. आपल्या चित्राचे तेच झाले. वरची साय कोरडी वाटली, गाडीतल्या उष्णतेने आतला रंग आणखी नरम झाला आणि बुडबुड्यांचा दाब बसला.

स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. व्हॅन गॉगची कितीतरी चित्रे पुरती वाळण्याआधी एकावर एक ठेवली किंवा गुंडाळली गेल्याने त्यांतले उंचवटे चेपलेले आहेत आणि काही ठिकाणी दुसऱ्या कॅनव्हासची वीण रंगावर उमटलेली आजही दिसते. उपाय म्हणाल तर आपण काहीही करू नये, हाच उपाय आहे. इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, बोटाने दाबून सारखे करणे, यांपैकी काहीही नको. जिने ते आभाळ रंगवले तीच ते दुरुस्त करू शकेल.

कोरडवाहू

रंगपेटी सरांचे तांत्रिक म्हणणे मान्य आहे, पण मला या जाड रंगाच्या प्रेमाविषयीच शंका आहे. गेल्या काही वर्षांत ‘टेक्श्चर पेंटिंग’ नावाचा जो प्रकार दिवाणखान्यांत आणि हॉटेलांच्या लॉबीत शिरला आहे, त्यात मॉडेलिंग पेस्ट थापायची, कंगव्यासारख्या पट्टीने लाटा ओढायच्या आणि वर सोनेरी वर्ख चिकटवायचा, एवढेच चालते. सोफ्याच्या रंगाला जुळणारे चित्र मागणीनुसार मिळते. शेवभाजीवर तेलाची तर्री वाढवली म्हणजे भाजीला चव येतेच असे नाही. जाडी दिसली की आपण आपोआप ‘काय भावना आहेत’ असे म्हणू लागलो आहोत आणि नेमके रेखाटन, अंतराचा हिशेब, प्रकाशाचा अभ्यास या गोष्टी मागे पडल्या आहेत. मूळ चित्र मी पाहिलेले नाही, त्यामुळे ते वाईट आहे असे म्हणत नाही. पण उभ्या फटकाऱ्यांत तास दिसणे हा आप्पांच्या डोळ्याचा मोठेपणा आहे, चित्राचा असेलच असे नाही.

सातपुड्याचा पायथा

कोरडवाहू भाऊ, ही शंका मलाही चाटून गेली होती. म्हणून मी चित्राच्या डाव्या बाजूची एक पट्टी पुन्हा पाहिली. तिथे फटकारे आडवे आहेत आणि रंगही थोडा पिवळसर, मुरमाड आहे. सगळ्या चित्रात हात एकाच सवयीने फिरला असता तर ही पट्टी वेगळी झाली नसती. मी हे आप्पांना दाखवले तेव्हा ते म्हणाले की तो माणूस बरोबर आहे. ‘तो माणूस’ म्हणजे त्या पट्टीचा शेतकरी.

पारोळ्याची लेक

चर्चा वाचताना मला माझी आजी आठवली. आमचे माहेरचे घर धाब्याचे होते. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची आणि आतल्या भिंती शेण-मातीने लिंपायच्या, हे दरवर्षीचे काम असायचे. आजी भिंत लिंपायची तेव्हा तिच्या चार बोटांच्या कमानी भिंतीवर उमटत. खालची ओळ डावीकडून उजवीकडे आणि वरची उजवीकडून डावीकडे, कारण ती एका टोकाला पोहोचल्यावर परत न येता तिथूनच उलट्या दिशेने सुरुवात करायची. संध्याकाळी कंदील खाली ठेवला की त्या कमानींच्या कडांवर उजेड पडे आणि भिंत हलल्यासारखी वाटे. मी आणि माझी बहीण त्या कमानी पाहून आजी कुठे उकिडवी बसली होती आणि कुठे उभी राहिली, हे ओळखायचो; उभ्याने लिंपलेल्या कमानी मोठ्या असत.

याला कला म्हणावे का, या वादात मला पडायचे नाही. परंतु जाड लेपातून माणसाची हालचाल वाचता येते, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळे शिकवावे लागणार नाही. सातपुड्याचा पायथा दादांना एक विनंती आहे. चित्रावर समोरून ट्यूबलाइट टाकू नका. उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे काय होते ते पाहा.

पांझराकाठ

मी साक्री-नंदुरबार पट्ट्यात उघड्यावर बसून चित्रे काढतो, म्हणून प्रत्यक्ष कामातील दोन-तीन गोष्टी लिहितो.

आमच्या भागात काळ्या दगडाच्या उभ्या रांगा आहेत. जमिनीच्या भेगांत घुसलेला लाव्हा थिजला आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा मैलोन्‌मैल उभा राहिला. भूगर्भशास्त्रात त्याला ‘डाइक’ म्हणतात. कुंचल्याने मी ही रांग दोन वर्षे काढत होतो आणि ती दर वेळी टेकडीसारखी मऊ दिसायची. शेवटी पॅलेट नाइफची कड रंगात बुडवून ती कॅनव्हासवर नुसती टेकवली आणि उचलली, तेव्हा कुठे ती भिंत झाली. उलट, पांझरेच्या काठचा गाळ सुरीने काढला की सिमेंट वाटतो. तिथे डुकराच्या केसांचा चपटा कुंचलाच लागतो. तेव्हा कोरडवाहू यांचे म्हणणे मला असे मांडावेसे वाटते की जाडी कुठून आली, हे विचारावे. जमिनीकडे पाहून आली असेल तर प्रत्येक जागी ती वेगळी असते आणि दुकानातून आली असेल तर सगळीकडे सारखी असते.

दुसरे म्हणजे ॲक्रिलिक. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा ॲक्रिलिक रंग ताटलीतच आखडतो, कारण तो पाणी उडून वाळतो. जाड थर पाणी गमावून बसतो तसतसा आक्रसतोही, त्यामुळे सकाळी उभी केलेली कड संध्याकाळी बसलेली दिसते. शिवाय वाळल्यानंतरही तो उष्णतेने किंचित मऊ पडतो आणि धूळ धरून ठेवतो. तैलरंगाला वेळ लागतो, पण उन्हात बसून काम करायला तोच मला सोयीचा वाटतो.

तिसरे म्हणजे कचरा. उघड्यावरच्या जाड रंगात काय काय अडकते, याची घरात बसणाऱ्यांना कल्पना नसते. माझ्या एका चित्रात कापसाचे तंतू कायमचे आहेत. व्हॅन गॉगच्या १८८९ मधील ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात रंगात रुतलेला नाकतोडा सापडल्याचे कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयाने २०१७ मध्ये जाहीर केले होते. सव्वाशेहून अधिक वर्षे तो कोणाच्या नजरेस पडला नव्हता.

रंगपेटी

कोरडवाहू यांच्या शंकेत तथ्य आहे आणि पांझराकाठ यांनी तिला योग्य वळण दिले आहे. मी एवढेच जोडतो की आपल्याकडे जाड रंग हा कालपरवाचा छंद नाही. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि पुढच्या काळात त्यांच्या निसर्गचित्रांतील रंग जाड, मोकळा आणि तापलेला होत गेला. ज्या बिंदूने ते घरोघरी ओळखले जातात तो त्यानंतरचा. राम कुमार १९६० मध्ये हुसेन यांच्याबरोबर वाराणसीला गेले आणि त्या घाटांनी त्यांना पुढची कित्येक वर्षे सोडले नाही. तिथली घरे पॅलेट नाइफच्या सपाट, करड्या पट्ट्यांत उतरली. एकाच्या जाड रंगात धग आहे, दुसऱ्याच्या जाड रंगात सुतक आहे. रंगाची जाडी स्वतः कोणतीही भावना घेऊन येत नाही.

आणि अजिंठा तर आपल्या उंबरठ्यावर आहे. तिथे गंमत उलटी आहे. मातीत तूस, गवत असले तंतू कालवून केलेला जाड गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या गुळगुळीत पृष्ठभागावर चित्र. म्हणजे पारोळ्याच्या लेकीने सांगितलेले सगळे लिंपण तिथेही आहे, फक्त चित्राच्या खाली. वर्गात मुलांना अजिंठ्याला नेले की ती रंगाकडे पाहत, मी मात्र त्यांना जिथे रंग गळून पडला आहे तिथल्या गिलाव्याकडे पाहायला लावायचो.

कोरडवाहू

सर, ‘जाड रंगात सुतक’ हे शब्द पटले. माझे म्हणणे मी निम्मे मागे घेतो. वर्खाविषयीचे मागे घेत नाही.

सातपुड्याचा पायथा

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काहीतरी घडले.

ठसे दाखवण्यासाठी मी चित्रकर्तीला फोन केला होता. ती चोपड्याला कामानिमित्त येणार होती, म्हणून घरीच आली. आभाळ पाहून रागावली नाही. नखाच्या टोकाने एक ठसा चाचपला आणि आत अजून ओले आहे, हिवाळ्यापर्यंत थांबू, मग ठसे असलेला भाग सुरीने खरवडून तेवढाच पुन्हा भरू, असे म्हणाली. पांढऱ्यात तिने टिटॅनियम वापरला आहे. नुसता झिंकचा पांढरा जाड लावला तर काही वर्षांनी तो ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून ती तो टाळते. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त, हा नियम तिने जमिनीच्या भागात पाळला आहे. मात्र कोऱ्या सोडलेल्या जागेच्या कडेला एक बारीक भेग पडली आहे, ती तिनेच मला दाखवली. तिथे घाई झाली, असे तिने सरळ कबूल केले.

त्यानंतर आप्पांनी तिला तासांविषयी विचारले. मी थोडा धास्तावलो होतो. ती म्हणाली, ‘‘आजोबा, तास उभेच होते.’’ तिने मोबाइलवर त्या जागेचा फोटो दाखवला. ते एक शेत नव्हतेच. वाटण्या होऊन पडलेल्या चार लांब, अरुंद पट्ट्या होत्या, डोंगराकडून ओढ्यापर्यंत सरळ खाली आलेल्या. त्यांची रुंदी इतकी कमी की ट्रॅक्टरला आडवे वळायला जागाच नाही, म्हणून नांगर लांबीनेच चालवला जातो आणि लांबी उताराच्या दिशेने आहे. डावीकडची पट्टी अजून रुंद आहे आणि तिथे बैलजोडी आहे, म्हणून तिथले तास आडवे.

आप्पा बराच वेळ फोटो पाहत बसले. मग त्यांनी तो बोटांनी मोठा करून घ्यायला सांगितला आणि बांधावरच्या एका निंबावरून ती जागा ओळखली. तिसरी पट्टी कोणाची, हे त्यांना ठाऊक निघाले. त्या घरातल्या वाटणीच्या वेळी ते पंच म्हणून बसले होते. चित्राविषयी ते पुढे काही बोलले नाहीत. मी मात्र तेव्हापासून त्या मातीकडे पाहतो तेव्हा फटकाऱ्यांच्या मधल्या तीन सरळ, किंचित उंच कडा आधी दिसतात. ते बांध आहेत. इतके दिवस मी त्यांना रंगाचे ओघळ समजत होतो.

पारोळ्याच्या ताई, तुमची सूचनाही करून पाहिली. संध्याकाळी पश्चिमेच्या दारातून ऊन तिरपे आत येते तेव्हा तासांत खरोखर सावल्या पडतात आणि ट्यूबलाइट लावली की रान सपाट होते. आप्पांनी पश्चिमेच्या दाराशेजारची भिंत ठरवून टाकली आहे.

फ्रेमवाला

माझा फ्रेमचा व्यवसाय आहे, म्हणून राहवत नाही. पश्चिमेची भिंत नको. आपल्याकडे मे महिन्यात त्या भिंतीला आतून हात लावला तरी चटका बसतो आणि त्या भिंतीवर तुमचे चित्र पाठीमागून तापत राहील. उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीवर लावा आणि बाजूने उजेड मिळेल असे पाहा. काच लावायचीच नाही. काच रंगाच्या उंचवट्यांना टेकली की तुमचा बबल रॅपचा प्रसंग कायमचा होईल. फ्लोटर फ्रेम करून घ्या, म्हणजे कॅनव्हासच्या कडेपासून लाकूड बोटभर दूर राहते. तीन बाय चारच्या जाड चित्राचे वजन बऱ्यापैकी असते, तेव्हा मागे आडवी पट्टी आणि भिंतीत दोन स्क्रू असावेत. नुसता एक खिळा आणि सुतळी चालणार नाही. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. ओल्या फडक्याचे धागे त्या कडांत अडकतात. व्हार्निशची घाई करू नये. पातळ तैलचित्रालाही सहा महिने ते वर्ष थांबतात, तुमच्याला त्याहून जास्त.

सातपुड्याचा पायथा

आभारी आहे. मग उत्तरेचीच भिंत. तिथे सध्या दूध संघाचे कॅलेंडर आणि आईच्या माहेरच्या माणसांचे फोटो आहेत. कॅलेंडर मी आजच काढले. फोटोंविषयी आईशी बोलणे आप्पांनी माझ्यावर सोपवले आहे.